लाभ, दोन, तीन

सिडकोतल्या आमच्या घराची पुढची खोली माझी होती. रस्त्याकडं खिडकी, खिडकीखाली पलंग, पलंगाखाली माझी पत्र्याची पेटी. सूनबाईनं बालवाडी काढायची ठरवली तेव्हा पलंग उचलून मधल्या खोलीत गेला. मला विचारलं नाही असं नाही. पण मुलगा आणि ती दोघं समोर उभी राहून विचारत होती आणि गादी आधीच गुंडाळून भिंतीला लावलेली होती. मी म्हटलं, करा काय करायचं ते.

त्यानंतर त्या खोलीत मला जागा उरली ती उंबऱ्याबाहेर. तिथून मी आत कसा गेलो, पुन्हा बाहेर कसा आलो आणि परत आत जायला मला काय करावं लागलं, ते लिहितो. शाळा माझी दुसरीपर्यंत. जोडाक्षर आलं की हात थबकतो, पण लिहितो माझं मीच. मुलगा म्हणाला होता, तुम्ही सांगा, मी मोबाइलवर टाइप करतो. त्याला नको म्हटलं. तो मधेच वाक्य सुधारतो.

मी लासलगावचा. मार्केटात मापाडी होतो. मोठा सौदा काट्यावर व्हायचा, पण आमच्या शेटच्या दुकानी खेड्यापाड्यातल्या बाया बाजरी, हरभरा सुटा घ्यायच्या तो शेरानं, मापट्यानं. ते माप माझ्या हातात. पुढं सगळंच किलोवर गेलं, तरी मला लोक मापाडीच म्हणत राहिले. माझी मंडळी वारल्यावर मुलानं नाशकाला आणलं. तो सातपूरला कंपनीत आहे. सूनबाई मनमाडची, रेल्वेवाल्याची पोरगी. बारावी झालेली, वर बालवाडीचा कोर्स केलेला. त्यांना एक मुलगी, त्या वर्षी चार वर्षांची होती. घर एवढंच.

बालवाडीत गल्लीतली तीन ते पाच वर्षांची पोरं यायची. मी ओट्यावर खुर्ची टाकून बसायचो, पेपर हातात आणि कान आत. आत जे चालायचं त्याला शिकवणं म्हणायची माझी तयारी नव्हती. परातीत रवा पसरायचा आणि त्यात बोटानं ग काढायचा, परात हलवून पुसायचा, पुन्हा काढायचा. फरशीवर खडूनं मोठा म काढून त्याच्या रेघेवर चिंचोके मांडायचे. कणकेच्या लोळीचा न करायचा. खिडकीत ओल्या कापसावर मेथी टाकलेली, तिला मोड आले का ते पोरं रोज जाऊन बघायची आणि बोटं घालून घालून निम्मी मेथी मारायची. मला वाटायचं, आईबापांनी पोरं शिकायला पाठवलीत आणि इथं स्वयंपाकघर मांडलंय. आमच्या वेळी पाटी, पेन्सिल आणि मास्तरांची छडी. त्यातली छडी तेवढी मला नीट आठवते.

एका संध्याकाळी राहवलं नाही. विचारलं, अ कुठं गेला? महिना झाला, पोरं ग म न करतायत, अ आ इ ई कधी करणार? ती मेथीच निवडत होती, भाजीची. म्हणाली, मामा, अ काढायला अवघड असतो, लहान हाताला वळत नाही. ग, म, न सोपे. आणि या तिघांतच शब्द होतात. मन, नग, गगन, गमन. पोराला आपण वाचलं असं वाटलं पाहिजे, मग ते पुढं स्वतःहून येतं. मी म्हटलं, देवळात जायचं तर पहिल्या पायरीपासून चढतात. मधूनच उडी मारत नाहीत. तर ती म्हणाली, "तुम्ही अ पासूनच चढलात ना, मामा? मग दुसरीतच का उतरलात?"

हे ती हसत म्हणाली. मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही.

आत गेलो तो बाजरीमुळं. तिनं एक खेळ काढला होता. एका टोपल्यात बाजरी, दुसरं टोपलं रिकामं, आणि वाटीनं याच्यातली त्याच्यात भरायची. ती पोरांची खिचडी बघायला आत गेली आणि पोरांनी फरशीभर बाजरी केली. एक पोरगं तिच्यावरून घसरत होतं, दुसरी त्याला बघून घसरायला लागली. धान्यावर पाय पडलेला मला बघवत नाही. चप्पल काढली आणि आत गेलो. सगळ्यांना खाली बसवलं, एकेक दाणा गोळा करायला लावला. मग पेटीतून माझं चिपटं आणलं. चिपटं म्हणजे शेराचा चौथा हिस्सा, लोखंडी, माझ्या तळहातात मावणारं. लहान पोरांच्या दोन्ही हातांत बरोबर बसतं.

त्यांना दाखवलं. मांडी घालायची. माप तिरपं धरून ढिगात घालायचं, भरून उचलायचं, हाताच्या कडेनं वरची शीग पाडून सपाट करायचं, मग त्या टोपल्यात ओतायचं. ओतताना आकडा मोठ्यानं म्हणायचा आणि पुढचं माप भरेपर्यंत तोच म्हणत राहायचा, म्हणजे मधे कोणी बोललं तरी मोजणी चुकत नाही. आम्ही दुकानात असंच मोजायचो. लाभ लाभ लाभ लाभ, दोन दोन दोन दोन, तीन तीन तीन. ज्यानं आमच्याकडं धान्य घेतलंय त्याला हे सांगायला नको. पहिल्या मापाला कोणी एक म्हणत नाही, लाभ म्हणतात. का म्हणतात ते ज्यानं मला माप धरायला शिकवलं त्या म्हाताऱ्याला विचारलं होतं. तो म्हणाला, एकटं आलं ते एकटंच राहतं, लाभ म्हटलं की मागं येतं. दुसरा एक सांगायचा, पहिलं माप देवाचं, त्याला आकडा लावू नये. मला दोन्ही पटायचं. पटायचं म्हणजे मी कधी विचार केला नव्हता. तोंडात बसलं होतं.

पोरांना ते फार आवडलं. बाजरी बाजूलाच, नुसतं लाभ लाभ लाभ म्हणत डोलायची. जी पोरगी बालवाडीत तोंड उघडत नव्हती ती चिपटं हातात आलं की सगळ्यांत मोठ्यानं ओरडायची. सूनबाई पळी हातात घेऊन दारात येऊन उभी राहिली. फरशी स्वच्छ, पोरं ओळीनं मांडी घालून बसलेली, आणि तिचा सासरा मधे. दुपारी मला ताट वाढताना म्हणाली, मामा, रोज अर्धा तास घ्याल का? तेवढ्यात माझी खिचडी होईल. मी म्हटलं, बघू. दुसऱ्या दिवशी पोरं यायच्या आधी टोपी घालून तयार होतो.

पावसाळाभर मी त्या खोलीत माप घेतलं. दोन चिपट्यांचं मापटं होतं हे पोरांना तोंडानं सांगावं लागलं नाही, ओतून कळलं. पाण्याची शीग लागत नाही हेही कळलं, कपडे भिजले तेवढे भिजले. कोणाच्या डब्यात किती चिपटी मावतात यावरून भांडणं व्हायची, ती मी तोडायचो. गल्लीत पोरं मला आजोबा म्हणून हाक मारायला लागली. आधी म्हातारा म्हणायची, तेही बरोबरच होतं. सूनबाई आतून लाभ ऐकायची. तिला वाटलं, मोजायच्या आधी देवाचं नाव घ्यावं तसं मी काहीतरी घेतोय आणि मग एकपासून सुरू करतोय. कुकरच्या शिट्टीत एक कोणाला ऐकू येणार. हे तिनं मला नंतर सांगितलं.

दिवाळी जवळ आली तशी लोकांची मोठ्या शाळांच्या प्रवेशासाठी धावपळ सुरू झाली. आमच्या पलीकडच्या गल्लीतलं एक पोरगं हुशार, वर्गात सगळ्यांत पुढं. त्याची आई त्याला घेऊन एका मोठ्या शाळेत गेली. तिथल्या बाईंनी त्याच्यासमोर रंगीत ठोकळे ठेवले आणि मोज म्हणून सांगितलं. पोरानं आधी मांडी घातली. मग ठोकळा दोन्ही हातांनी उचलला, वरून हाताची कड फिरवली आणि सुरू केलं, लाभ लाभ लाभ लाभ. बाईंनी विचारलं, हे काय? ते म्हणालं, आता दोन दोन दोन.

ती आई तशीच आमच्या ओट्यावर आली, बरोबर आणखी दोघी. त्यांनी वाटेतच आपापली पोरं तपासली होती. एकीचा पोरगा जिना चढताना लाभपासून सुरू करत होता. दुसरी म्हणाली, "माझीला विचारलं, तुला नाकं किती? तर म्हणते लाभ. शेजारीण हसून हसून खाली बसली. तुम्ही शिकवता काय ताई नक्की?"

सूनबाईनं त्यांना पाणी दिलं. माझ्याकडं बघितलं नाही आणि माझं नावही घेतलं नाही. म्हणाली, माझ्या वर्गात झालंय, मी नीट करून देते. तिथंच मिटलं असतं. पण मी खुर्चीत होतो. मी म्हटलं, बाई, त्यात चुकीचं काय हाय? धान्य मोजताना पहिलं माप लाभच असतं. तुमच्या सासऱ्याला विचारा.

"आमचे सासरे बँकेत होते," शाळेतून आलेली ती आई म्हणाली. "त्यांनी नोटा लाभ, दोन, तीन अशा मोजल्या असत्या तर पेन्शन मिळाली असती का?"

बाकीच्या दोघी हसल्या. सूनबाईसुद्धा हसली, पदर तोंडावर धरून, पण मला दिसलं. जाताना पहिली म्हणाली, दिवाळीनंतर आम्ही बघतो काय करायचं ते. मग चपला घालता घालता वळून म्हणाली, आजोबांना बसू द्या की बाहेर, हवा चांगली आहे.

संध्याकाळी जेवणं झाल्यावर सूनबाई माझ्यासमोर येऊन बसली. आवाज चढवला नाही. ती कधीच चढवत नाही, म्हणून तिच्याशी भांडता येत नाही.

"मामा, उद्यापासून खोलीत पहिल्या मापाला एक म्हणायचं."

"मापाला मी एक म्हणत नसतो."

"मग माप मी घेते."

"घे की," मी म्हटलं. "चिपटं पेटीत हाय."

चिपटं तिनं घेतलं नाही. दुसऱ्या दिवसापासून स्टीलची वाटीच वापरायला लागली. मी टोपी खुंटीला लावली आणि खुर्ची ओट्यावरून उचलून पार गेटापाशी नेली, म्हणजे आतलं ऐकू येऊ नये. पण पोरांचा आवाज गेटापर्यंत येतोच. एक, दोन, तीन. मधेच कोणीतरी लाभ म्हणायचं आणि सूनबाई म्हणायची, काय म्हणायचं? मग सगळी मिळून, एक. आत बाजरी सांडल्याचंही ऐकू यायचं. मी उठलो नाही. एक-दोन पोरं जाताना माझ्याकडं बघून हळूच लाभ लाभ म्हणायची आणि पळायची. ते प्रेमानं होतं का चिडवायला, मी विचारलं नाही.

मुलानं यात पडायचं टाळलं होतं, पण सुट्टीच्या दिवशी मी दिवसभर गेटापाशी बसलेला बघून तो चहा घेऊन आला. म्हणाला, "बाबा, तुम्ही एक म्हणालात म्हणून लासलगावचं मार्केट बंद पडणार आहे का?" मी म्हटलं, मार्केट माझ्यावर चालत नव्हतं, मी माझ्या तोंडावर चालत होतो. त्याला ते कळलं नसावं. मलाही नीट सांगता आलं नाही. मला म्हणायचं होतं की जन्मभर ज्याच्या पुढ्यात माप ओतलं त्याचं भलं होवो असं मी पहिल्या आकड्यात म्हणत आलो. आता तो आकडा सोडला तर माप उरतं, मापाडी उरत नाही. पण हे चहा पिता पिता बोलायचं नसतं.

बसून बसून विचार मात्र केला. दुकानात आम्ही सगळंच लाभपासून मोजत नव्हतो. गोण्या मोजताना एक म्हणायचो. माणसं मोजताना एक. शेटनं किती बैलगाड्या आल्या विचारलं तर एकच म्हणायचो, लाभ गाड्या कोण म्हणेल. लाभ फक्त धान्याच्या मापाला. हे मला इतकं ठाऊक होतं की पोरांना सांगायचं सुचलंच नाही. त्यांनी माझ्याकडून मोजणी शिकली ती धान्यावर, आणि नेली नाकापर्यंत. यावर मी तोड काढली. धान्याला लाभ आणि बाकी सगळ्याला एक, असं शिकवायचं. लाभही राहिला आणि त्या बायांचंही समाधान. सूनबाईला सांगितलं. ती म्हणाली, मामा, चार वर्षांच्या पोराला दोन कायदे नाही कळायचे. एक बसला की मग दुसरा सांगू, पहिलीत गेल्यावर. मी म्हटलं, तू पोरांना कमी समजतेस.

तिला दाखवायचं म्हणून नातीला घेऊन बसलो. आमची नात गुणी, एकदा सांगितलेलं धरून ठेवते. अंगणातले खडे मांडले. एक, दोन, तीन, बरोबर म्हणाली. चिपटं आणि बाजरी मांडली. लाभ, दोन, तीन, बरोबर. पुन्हा खडे, पुन्हा बाजरी. चुकली नाही. मी सूनबाईला हाक मारली, ये बघायला. ती हात पुसत आली. नातीसमोर चार शेंगदाणे ठेवले आणि म्हणाली, मोज बाळा. नात शेंगदाण्यांकडं बघत राहिली. मग माझ्याकडं बघितलं. मग विचारलं, "आजोबा, हे धान्य आहे का खडे?"

मी धान्य म्हणणार होतो. पण शेंगदाणा आम्ही मापानंही द्यायचो आणि इथं तर नुसते चार दाणे होते, ते मापानं नव्हते, मग एक म्हणायला पाहिजे. सूनबाई माझ्या तोंडाकडं बघत होती. माझंच ठरेना. तेवढ्यात पोरीनं शेंगदाणे खाऊन टाकले.

सूनबाई काही बोलली नाही. ती बोलली असती तर मी आणखी महिनाभर गेटापाशी बसलो असतो.

दिवाळीची सुट्टी संपली. पलीकडच्या गल्लीतलं ते हुशार पोरगं आलं नाही, त्याला आईनं मेन रोडवरच्या एका नर्सरीत टाकलं. बाकीची आली. नवीन दोघं आली. मला वाटलं होतं माझ्यावाचून खोली ओस पडेल, तसं काही झालं नाही. माझ्या अर्ध्या तासात सूनबाई त्यांना चिंचोके मोजायला द्यायची आणि खिचडी आधीच उरकून घ्यायची. पहाटे पाचला उठत होती त्यासाठी. मी रोज ऐकायचो तिचा उठल्याचा आवाज. मापाला एक म्हणायचं नाही हे माझं ठरलेलं होतं, ते आजही ठरलेलंच आहे. पण गेटापाशी बसून मरायचं असं काही मी ठरवलेलं नव्हतं.

मी कोणाकडं कधी काम मागितलं नाही. लासलगावला शेटनं मला बोलावून माप दिलं होतं. त्या दिवशी सकाळी ती अंगण झाडत होती. मी म्हटलं, "मोजायचं सोडून दुसरं काही काम हाय का तुझ्या बालवाडीत?"

ती झाडू टेकवून उभी राहिली. तिला हसू आलं असेल तर तिनं दाखवलं नाही. म्हणाली, पाण्याचा टब आहे. बुडतं काय, तरंगतं काय. ते घ्या. त्यात आकडे नाहीत.

तिनं मला नियम सांगितला, एकच. आधी वस्तू हातात देऊन पोरांना विचारायचं, बुडेल का तरंगेल. सगळ्यांनी सांगायचं. मगच पाण्यात टाकायची. मी म्हटलं, यात शिकवायचं काय, हे तर म्हशीलाही कळतं. ती म्हणाली, घेऊन बघा.

तर मी टोपी काढली खुंटीवरची. खोलीच्या मधे मोठा निळा टब, भोवती पोरं. मला बघून दोघातिघांनी सवयीनं मांडी घातली. दगड बुडाला. बाटलीचं बूच तरंगलं. वाळलेलं पान तरंगलं, चमचा बुडाला. सगळं मी म्हणालो तसंच होत होतं आणि पोरंही माझ्याकडं बघून तेच म्हणत होती. मग मी सूनबाईच्या टोपलीतून कांदा घेतला. चांगला मोठा, लाल, हाताला जड लागणारा. माझं निम्मं आयुष्य कांद्याच्या ढिगांच्या मधून चालण्यात गेलंय. ज्यानं कांद्याची गोणी पाठीवर घेतली तो कांद्याला हलकं म्हणणार नाही. पोरांना विचारायच्या आधीच मी सांगून टाकलं, "हा बुडणार. हा लासलगावचा हाय."

सगळी पोरं म्हणाली, बुडणार. फक्त एक मुलगा, ज्याला सगळ्यांच्या उलटं बोलायची खोड होती, तो म्हणाला तरंगणार. मी त्याला म्हटलं, बघ हां. आणि कांदा सोडला.

तो खाली गेला, वर आला आणि माझ्यासमोर डुलत राहिला.

मी बोटानं दाबला. पुन्हा वर आला. मला वाटलं हाच कांदा पोकळ असेल, दुसरा घेतला. तोही तरंगला. पोरं एकदम हसत सुटली. लोळायला लागली. तो उलटा मुलगा टबाभोवती पळत सुटला. मी तिथं ओल्या हातानं बसून होतो आणि मला कळेना की सत्तर पार केलेल्या माणसाला, तेही लासलगावच्या, हे ठाऊक कसं नाही. मग कळलं. आम्ही कांदा पाण्यात टाकतच नाही. आभाळ दिसलं की ताडपत्री ओढायची, थेंब लागू द्यायचा नाही, भिजला की गेला. जन्मभर कांद्याला पाण्यापासून राखलं, तो पाण्यात काय करतो हे बघायची वेळच आली नाही.

जी पोरगी आधी बोलत नव्हती ती टबाच्या काठाला धरून उभी होती. "आजोबा, का तरंगला?"

उत्तर माझ्या तोंडाशी आलं होतं. काहीतरी सांगितलं असतं, दणकून सांगितलं असतं, आणि तिनं ते धरलं असतं. लाभ धरला तसाच. आतल्या दारात सूनबाई उभी होती, मला माहीत होतं, बांगड्यांचा आवाज आला होता.

"मला माहीत नाय," मी म्हटलं.

पोरगी म्हणाली, मग साल काढून बघू. साल काढली, तरंगला. मग तो उलटा मुलगा म्हणाला, कापू. सूनबाईनं विळीवर कापून दिला, दोन्ही अर्धे तरंगले आणि सगळ्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. नंतर बटाटा टाकला, आता पोरं माझ्याकडं न बघता सांगायला लागली. निम्मी म्हणाली बुडेल, निम्मी तरंगेल, आणि बटाटा बुडाला तेव्हा खोलीत जो दंगा झाला तो मी मापाच्या वेळी कधी ऐकला नव्हता. दुपारी ताट वाढताना सूनबाईला विचारलं, कांदा का तरंगतो गं? ती म्हणाली, पाकळ्यांच्या मधे हवा असेल, मामा, मलाही नक्की नाही सांगता यायचं. मग म्हणाली, "उद्याही तुम्हीच घ्या. मी घेतलं की पोरांना कळतं मला उत्तर ठाऊक आहे. तुमच्या तोंडावरून काहीच कळत नाही, तुम्ही खरंच चुकता."

हे मी ऐकून घेतलं. जेवण सोडून उठलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाड्यावरून द्राक्षं आणली, हिरवी, लांबट. पोरांच्या आधी एकदा बघून ठेवावं असं मनात आलं. लोकांच्या पोरांसमोर रोज रोज खोटं पडायला मी काही जत्रेतला विदूषक नाही. मोरीत बादली भरलेली होती. एक द्राक्ष तोडलं आणि बादलीवर हात धरला, तेवढ्यात सूनबाई धुणं घेऊन आली.

"मामा, आधी बघायचं नाही."

"कोण बघतंय? हात धुतोय."

"मग धुवा."

द्राक्ष दुसऱ्या मुठीत धरून मी एक हात धुतला. ती तिथंच उभी राहिली, मला पाणी ओतून द्यायला. मग द्राक्ष कोरडंच सदऱ्याच्या खिशात टाकलं आणि पुढच्या खोलीत टबापाशी जाऊन बसलो. गेट वाजलं, पहिलं पोरगं आलं आणि दारातूनच विचारलं, आजोबा, आज काय आणलंय. मी म्हटलं, बस आधी. मलाही बघायचंय.